क्षमा मिळाली असा विश्वास आहे, तरी शांती का टिकत नाही?

उंबरठा

नमस्कार. प्रश्न वैयक्तिक आहे, परंतु त्याचे उत्तर ख्रिस्ती विश्वासाच्या गाभ्यापर्यंत जाते असे वाटल्यामुळे येथे मांडत आहे.

वडिलांच्या अखेरच्या आजारपणात त्यांच्या बँक खात्याचे व्यवहार मी पाहत होतो. त्या काळात मी तीन वेळा त्या खात्यातून मोठी रक्कम काढली, ती माझ्या व्यवसायात घातली आणि व्यवसायाबरोबर तीही बुडाली. वडील गेल्यानंतर थोरल्या भावाने विचारले, तेव्हा सगळे पैसे उपचारांत गेले असे मी सांगितले. दादाने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही आणि तेच मला आजवर सर्वांत जड गेले आहे. ते पासबुक माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिन्ही नोंदी एकाच पानावर, एकीखाली एक आहेत. तिसरीची शाई पुसट झाली असली, तरी आकडा वाचता येतो.

याला सहा वर्षे झाली. आधी प्रार्थना सुटली, मग उपासनेला जाणे सुटले आणि नंतर त्याची खंत वाटणेही सुटले. गेल्या वर्षी एका रात्री मी हे सर्व देवापुढे कबूल केले, रकमेसकट. त्यानंतर अकरा दिवस मन इतके हलके होते की हे इतके सोपे होते तर इतकी वर्षे का घालवली, असे वाटत राहिले. बाराव्या दिवशी जुनी धास्ती परतली आणि ती अजून गेलेली नाही. प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ या शब्दांपाशी मी अडखळतो, कारण माझे ऋण हे शब्दशः ऋणच आहे.

ख्रिस्ताच्या द्वारे देवाशी तुटलेले नाते पुन्हा जुळते आणि त्यातून शांती लाभते, हे मी मानतो. मग नाते जुळले असेल, तर शांती का टिकली नाही? आणि शांती टिकली नाही, याचा अर्थ नाते जुळलेच नव्हते असा घ्यायचा का?

जुनी वही

उंबरठा, तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. मी आधी दुसऱ्याचे उत्तर देते, कारण पहिल्याची निम्मी वाट त्यातून मोकळी होते.

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाची पहिली ओळ या विषयाचे मूळ ठिकाण आहे. विश्वासाने नीतिमान ठरल्यामुळे आपल्याला प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाबरोबर शांती आहे, असे तो तेथे म्हणतो. त्यातला ‘देवाबरोबर’ हा शब्द आपण घाईने ओलांडतो. पौल तेथे मनाच्या अवस्थेविषयी बोलत नाही, दोन पक्षांमधल्या स्थितीविषयी बोलतो. पुढे दहाव्या ओळीत ‘आपण शत्रू असताना’ समेट झाला असे तो लिहितो, म्हणजे हा तह आहे. तह झाल्याची बातमी सीमेवरच्या शिपायापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि पोहोचल्यावरही कित्येक रात्री त्याचा हात शस्त्राकडे जातो. त्यावरून तह झालाच नाही असे ठरत नाही.

या ओळीच्या हस्तलिखितांत एका अक्षराचा भेद आहे. ग्रीक क्रियापदात ऱ्हस्व ‘ओ’ असेल, तर अर्थ ‘आपल्याला शांती आहे’ असा होतो. दीर्घ ‘ओ’ असेल, तर ‘आपण शांती बाळगावी’ असा होतो. फार जुन्या आणि मान्यवर हस्तलिखितांत दीर्घ ‘ओ’ आढळतो, तरी बहुतेक अनुवादक संदर्भ पाहून ‘आहे’ हाच अर्थ घेतात. मलाही तोच योग्य वाटतो. पण तुमचा प्रश्न वाचताना वाटले, की नकला करणाऱ्या त्या अनामिक लेखकांची अडचण तुमच्यासारखीच असावी. जे आहे, ते बाळगायचे कसे?

‘समेट’ या शब्दाविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्यामागचा ग्रीक शब्द नाण्यांच्या अदलाबदलीसाठीही वापरला जात असे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल तो पुन्हा पुन्हा वापरतो आणि प्रत्येक वेळी समेट करणारा देव असतो, समेट ज्याचा केला जातो तो माणूस असतो. माणसाने देवाची समजूत काढून त्याला राजी केले, अशी रचना नव्या करारात कोठेही सापडत नाही. म्हणून नाते जुळले की नाही याचा पुरावा तुमच्या अकरा दिवसांत शोधू नका, आणि बाराव्या दिवसातही शोधू नका.

साक्षेपी

मी ख्रिस्ती नाही, किंबहुना कोणत्याच अर्थाने धार्मिक नाही. तरीही धागा आवडला, म्हणून स्पष्ट लिहितो. जुनी वही यांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण त्यात ज्याचे पैसे गेले त्या माणसाचा पत्ताच नाही. देवाने क्षमा केली म्हणता. पण देवाचे काय गेले होते? गेले ते दादांचे. बँकेची तक्रार पोस्टात नोंदवून पावती घेण्यासारखा हा प्रकार झाला. धागाकर्त्याचे मन बाराव्या दिवशी अस्वस्थ झाले, हे मला त्यांच्या आध्यात्मिक अपयशाचे लक्षण वाटत नाही. त्यांची सदसद्विवेकबुद्धी शाबूत असल्याचे ते लक्षण आहे.

आणि हे फक्त धागाकर्त्यापुरते नाही. दावीद राजाने आपला सैनिक उरीया याला मारवले आणि त्याची बायको घेतली. त्यानंतरचे म्हणून जे स्तोत्र प्रसिद्ध आहे, त्यात तो देवाला म्हणतो, ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याचविरुद्ध मी पाप केले आहे.’ उरीयाचे काय?

जुनी वही

साक्षेपी, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. उंबरठा यांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना पहिला मी बाजूला ठेवला, ती माझी चूक झाली.

एक्कावन्नाव्या स्तोत्रातली ती ओळ मलाही सहज गिळता येत नाही. तिचे समर्थन असे करतात, की माणसाविरुद्ध केलेले प्रत्येक पाप ज्याने त्या माणसाला निर्माण केले त्याच्याविरुद्ध असते, म्हणून सगळ्यात खोलवर पाहिले तर ते देवाविरुद्धच असते. हे खरे आहे, पण उरीयाच्या विधवेसमोर उभे राहून ते म्हणण्याचे धैर्य मला होणार नाही. एवढे मात्र सांगते, की शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातल्या बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दाविदाला क्षमेचा निरोप देतो आणि त्याच दमात परिणामही सांगतो. क्षमा झाली तरी दाविदाच्या घरातून तलवार गेली नाही. त्या कथेत ‘क्षमा’ आणि ‘जणू काही घडलेच नाही’ हे एक नाहीत.

उंबरठा, तुमच्या प्रसंगाशी तर शास्त्रातला एक उतारा इतका मिळताजुळता आहे, की तो तुम्ही अजून वाचला नसेल तर मला आश्चर्य वाटेल. लेवीयाच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ठेवीच्या बाबतीत शेजाऱ्याला फसवणाऱ्या आणि वर खोटे बोलणाऱ्या माणसाविषयी नियम आहे. त्याने मूळ रक्कम परत करावी, तिच्यात पाचवा हिस्सा मिळवावा, आणि ज्या दिवशी तो दोषार्पण आणील त्याच दिवशी ती धन्याला द्यावी. परमेश्वराचे अर्पण आणि शेजाऱ्याचे पैसे यांना एकच दिवस नेमून दिला आहे. त्या नियमाच्या पहिल्याच वाक्यात अशा फसवणुकीला ‘परमेश्वराविरुद्ध’ केलेला विश्वासघात म्हटले आहे. साक्षेपी विचारतात तशी देव आणि शेजारी ही फारकत तेथे नाहीच.

दिवेलागण

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझ्या बाजूने थोडी भर घालतो.

आमच्याकडे पापनिवेदनाच्या संस्काराला ‘समेटाचा संस्कार’ असेही म्हणतात. सन १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करणे बंधनकारक केले, आणि तेव्हापासून अनेकांना ते एक सक्तीचे काम वाटत आले आहे, हे नाकारत नाही. लहानपणी मीही रांगेत उभा राहून पापांची यादी पाठ करत असे आणि यादी आखूड पडली तर एखादे पाप पदरचे घालत असे. पण वयाबरोबर त्यातली एक गोष्ट समजली. एकट्याने देवापुढे केलेल्या कबुलीत बोलणाराही मीच आणि ऐकू आले असे ठरवणाराही मीच असतो. दुसऱ्या माणसाच्या कानावर शब्द पडले, आणि त्याने ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ असे मोठ्याने म्हटले, म्हणजे ते माझ्या मनाच्या चढउतारापासून वेगळे होते. आणि चोरीचे निवेदन असेल, तर धर्मगुरू ‘परत केलेस का?’ हे विचारतातच. ते टाळता येत नाही.

प्रोटेस्टंट वाचकांना यात कर्माने तारण मिळवण्याचा वास येईल, याची कल्पना आहे. त्यावर चारशे वर्षांहून अधिक काळ वाद झाला. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, एवढे तरी त्यांनी एकत्र कबूल केले. सगळे मतभेद मिटले असे नाही, पण या धाग्यापुरते तेवढे पुरेसे आहे.

साक्षेपी

पण मग घोळ तसाच राहतो. स्वीकार केवळ कृपेने होत असेल, तर रक्कम परत करण्याची गरज उरत नाही. परत करणे आवश्यक असेल, तर स्वीकार फुकट नाही. दोन्हीपैकी एक काहीतरी निवडा.

जुनी वही

यावर वाद घालण्यापेक्षा जक्कयाची गोष्ट पाहू या, कारण तिच्यात क्रम स्पष्ट आहे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात यरीहोचा हा मुख्य जकातदार, अंगाने ठेंगणा म्हणून, उंबराच्या झाडावर चढून बसला आहे. येशू झाडाखाली थांबतो, त्याला नावाने हाक मारतो आणि आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे असे सांगतो. आधी हिशेब दाखव, मग येतो, असे तो म्हणत नाही. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना आणि फसवणुकीची चौपट भरपाई, हे जक्कय त्यानंतर बोलतो, तेही कोणी न मागता. लेवीयाचा नियम पाचवा हिस्सा मागतो आणि हा चौपट द्यायला निघतो. ज्याला किंमत मोजायची असते, तो घासाघीस करतो. जक्कयाने घासाघीस केली नाही, कारण पाहुणा अगोदरच घरात आला होता.

वाट्याची मालमत्ता उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राच्या, येशूने सांगितलेल्या दाखल्यातही हेच दिसते, फक्त तेथे ते एका न उच्चारलेल्या वाक्यात आहे. डुकरांमध्ये बसून मुलगा बापाला काय सांगायचे ते मनात जुळवतो. त्यात तीन भाग आहेत: मी पाप केले आहे, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला तुझ्या एका मोलकऱ्यासारखे ठेव. तो घरी पोहोचतो तेव्हा लूक त्याच्या तोंडी पहिले दोन भाग जसेच्या तसे घालतो. तिसरा भाग येतच नाही, कारण बाप मध्येच चाकरांना झगा आणायला सांगतो. ‘मोलकरी’ म्हणजे मजुरीवर राहणारा. मुलाला फेड करून घरात राहायचे होते, आणि नेमका तोच प्रस्ताव मांडण्याची संधी त्याला मिळाली नाही. उंबरठा, तुम्ही त्या रात्री पहिले दोन भाग मोकळेपणाने बोललात. मला शंका आहे, की गेले वर्षभर तुम्ही तिसरा भाग मनातल्या मनात म्हणत आहात.

आणखी एक. त्या दाखल्यात एक थोरला भाऊही आहे. तो आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही.

वळचण

एक लहानशी पुस्ती. धास्ती, झोप न लागणे, तोच तो विचार घोळत राहणे, हे सगळे नेहमीच आध्यात्मिक असते असे नाही. विल्यम कूपर या इंग्रज कवीने अठराव्या शतकात विश्वासाने भरलेली, आजही गायली जाणारी गीते लिहिली. तोच माणूस तीव्र नैराश्याच्या झटक्यांनंतर आयुष्याचा मोठा भाग आपण कायमचे टाकलेले आहोत अशा खात्रीने जगला आणि १८०० मध्ये वारला. त्याला कोणी ‘विश्वास कमी पडला’ म्हणून सांगितले असते, तर ते क्रौर्य झाले असते. त्रास महिनोन्‌महिने चालला असेल, तर डॉक्टरांना भेटा. प्रार्थना आणि औषध यांत वैर नाही.

दिवेलागण

वळचण यांच्याशी पूर्ण सहमत. त्याला जोडून मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचेही उदाहरण देतो, जरी ते माझ्या परंपरेतले नसले तरी. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत रोमकरांस पत्राची लुथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना त्याला आपले अंतःकरण विलक्षण ऊबदार झाल्याचे जाणवले. ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. तिच्या पुढच्याच ओळी मात्र कोणी सांगत नाही. हा विश्वास असूच शकत नाही, असता तर आनंद कुठे आहे, अशी शंका त्याला लगेच आली, हे त्याने आपल्या दैनंदिनीत नोंदवून ठेवले आहे. आणि आनंदाचे उमाळे देव कधी देतो, कधी आपल्याजवळ राखून ठेवतो, अशी समजूत त्याने त्याच नोंदीत घातली आहे. तुमचे अकरा दिवस तरी बरे म्हणायचे. त्याला एक रात्रही मिळाली नाही.

मराठी वाचकांना पंडिता रमाबाई आठवतील. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला, पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे जावी लागली, असे त्यांनी पुढे स्वतःच्या साक्षीत लिहिले.

उंबरठा

सर्वांचे आभार. काही दिवस उत्तर दिले नाही, कारण द्यायला काही नव्हते.

जुनी वही, मोलकऱ्याच्या वाक्याबद्दल तुम्ही लिहिलेत ते खरे निघाले. मी वर्षभर रोज सकाळी देवाला नव्याने काहीतरी देऊ करत होतो: उपास करीन, वाचन वाढवीन, अमुक सेवा करीन. एकही गोष्ट दादाच्या दिशेने जाणारी नव्हती. साक्षेपी, पोस्टाच्या पावतीचे तुमचे वाक्य वाचून राग आला होता, तो आता गेला आहे. वळचण, डॉक्टरांना भेटलो. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही, पण भेटलो हे बरे झाले.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण वाहा, असे आहे. हे मी शेकडो वेळा ऐकले असेल. या वेळी जाणवले, की तेथे मला भावाविरुद्ध काही आहे असे म्हटलेले नाही, तर भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे अशी आठवण झाली तर, असे म्हटले आहे. दादाच्या मनात काही आहे की नाही, हे मला सहा वर्षे ठाऊक नव्हते. मला ते ठाऊक करून घ्यायचे नव्हते.

परवा त्याच्याकडे गेलो. पासबुक काढून ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवले आणि तिन्ही नोंदींवर बोट ठेवून सांगितले. त्याने चष्मा लावला, पान खिडकीपाशी नेले आणि तिसरी नोंद वाचायला बराच वेळ घेतला. मग म्हणाला, ‘दुसरी मला माहीत होती.’ एवढेच. बँकेतून त्याला तेव्हाच कळले होते. मी मिठीची अपेक्षा केली नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल. ती मिळाली नाही. त्याने पासबुक परत दिले नाही आणि मी मागितले नाही.

साक्षेपी

हे वाचून काही वेळ काय लिहावे सुचले नाही. माझे मूळ मत बदललेले नाही, पण एक विचारतो. दादांनी क्षमा केलीच नाही, तर तुमच्या हिशेबाने देवाशी असलेली शांती अर्धवट राहते का?

उंबरठा

या प्रश्नाने मला दोन रात्री झोपू दिले नाही. मला असे वाटते, की राहत नाही. मी जाणे माझ्याकडे होते. दादाने काय करावे हे माझ्याकडे नाही, आणि ते माझ्या शांतीची अट म्हणून त्याच्या गळ्यात बांधणे ही दुसरी फसवणूक होईल. पुनरुत्थानानंतर बंद दाराआड शिष्यांमध्ये उभे राहून ‘तुम्हांला शांती असो’ असे म्हणणाऱ्या येशूने लगेच आपले हात आणि कूस दाखवली, असे योहान लिहितो. जखमा भरून आल्या नव्हत्या, तरी तो शांतीविषयीच बोलत होता. मला आजवर ते एकमेकांच्या विरुद्ध वाटत होते.

जुनी वही

यात मला भर घालायची नाही. फक्त एक विचारते: रकमेचे काय ठरवलेत?

उंबरठा

दर महिन्याला हप्ता. एकरकमी देणे शक्य नाही. एकूण आकड्यात पाचवा हिस्सा मिळवून कागद केला आणि दादाला पाठवला. त्याने फोन करून फक्त विचारले, की ही वरची रक्कम कसली, व्याज लावलेस का. मला नीट सांगता येईना, म्हणून लेवीयातला उतारा त्याला लिहून पाठवला. दादा उपासनेला कधीच फारसा जात नव्हता, त्यामुळे तो चिडेल असे वाटले होते. तीन दिवसांनी उत्तर आले: ‘वाचले. हिशेब बरोबर आहे.’

पहिला हप्ता गेला आहे. प्रभूच्या प्रार्थनेत त्या ओळीपाशी अजूनही थांबतो, पण आता तो शब्द म्हणून पुढे जाता येते.